स्प्रिंग आलेली नाही

मिस्त्रींना आयुष्यात एकच खोटं नीट बोलता यायचं, ते म्हणजे "स्प्रिंग आलेली नाही." बंदूक दुरुस्त होऊन, तेलपाणी होऊन मागच्या खोलीत खुंटीला लागलेली असायची, आणि मिस्त्री पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या तोंडावर हे बिनदिक्कत सांगायचे. सगळ्यांना नाही. ज्याचे हात त्यांना पसंत पडायचे नाहीत, त्यालाच.

हातांची परीक्षा ही त्यांची स्वतःची होती. गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं राहिलं, की मिस्त्री चष्म्यावरून त्याचे हात बघायचे. बोटं वळवळतायत का, मूठ आवळलेली आहे का. एकदा बेकरीवाला भिंतीवरून सख्ख्या भावाशी भांडून थेट दुकानात आला होता. बंदूक सकाळीच तयार झाली होती, पण त्याच्या मुठी पाहून मिस्त्रींनी स्प्रिंग परगावी अडकवली. आठ दिवसांनी बेकरीवाला परत आला तेव्हा तोच भाऊ बरोबर होता आणि दोघं भिंत कुठल्या रंगाने रंगवायची यावर वाद घालत होते. मिस्त्रींनी हे कोणाला सांगितलं नाही. म्हणजे फक्त घरात सांगितलं, आणि मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, दाजींना. दाजींना सांगितलं नाही तर मिस्त्रींना अन्न पचायचं नाही.

दाजींनी पस्तीस वर्षं बस चालवली होती. गोष्ट ऐकून ते इतके हसले की चहा सांडला. त्यानंतर कोणी आजारी पडो की कोणाचं लग्न मोडो, दाजी डोळा मिचकावून म्हणायचे, "स्प्रिंग आली नसेल."

अशा माणसाला अभिमान होणारच, आणि मिस्त्रींचा अभिमान भर सभेत बाहेर पडला. शहरात नवीन नियमाची चर्चा चालू होती. नवी घेतलेली किंवा दुरुस्तीला दिलेली बंदूक दहा दिवस दुकानातच राहील, आणि परत नेताना घरातल्या एका माणसाची सही लागेल, असा तो नियम. सभागृह खच्चून भरलं होतं. रुग्णालयातली एक नर्स नियमाच्या बाजूने बोलली. आवाज बारीक, हातात कागद. म्हणाली, दहा दिवस थांबायला लागलं तर काही माणसं ती बंदूक न्यायला परत येतच नाहीत, आणि तीच माणसं मला वाचवायची आहेत. मागच्या रांगेतल्यांना धड ऐकूही गेलं नाही. मग शहराबाहेर एकटी राहणारी एक विधवा उठली. तिच्या घरी पोलीस पोचायला पाऊण तास लागतो. ते दहा दिवस मी दाराला कुलूप लावून बसू का, आणि सही कोणाची आणू, असं तिने विचारलं. तिचंही खोटं नव्हतं.

मग मिस्त्री उठले. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कागदाला डोळे नसतात, म्हणाले, मला आहेत. तीस वर्षांत माझ्या दुकानातून चुकीच्या हातात एक बंदूक गेलेली नाही. आणि सहीचं म्हणाल, तर आज बंदुकीला बायकोची सही, उद्या दाढी करायलाही लागेल. सभागृह खदखदून हसलं. तिसऱ्या रांगेत दाजी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. शेजारी ताई बसली होती, ती हसली नाही. मिस्त्रींना ते दिसलं, पण त्यांना वाटलं बायकांवरचा विनोद तिला लागला. नियम चार मतांनी पडला. पुढचे कित्येक दिवस लोक रस्त्यात थांबवून मिस्त्रींची पाठ थोपटत होते, आणि ते शेफारले, हे मान्य करायलाच हवं.

दोन महिन्यांनी दाजी आपली दुनळी बंदूक घेऊन दुकानात आले. ती त्यांच्या वडिलांची. वर्षातून एखाद्या वेळी ते बदकांमागे जायचे आणि रिकाम्या हाताने, चिखलाने माखून परत यायचे. चाप दाबला जात नाही, म्हणाले. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी चहा मागवला, मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून बंदूक उघडली, तर आत चापाच्या मागे आगकाडीचा तुकडा अडकलेला. चांगला खोल, दाबून बसलेला. मिस्त्रींना गंमत वाटली. दाजी आता बंदुकीत आगकाड्या ठेवायला लागले, असं काहीतरी ते बोललेही. चिमट्याने काडी काढली, चाप साफ केला, दोनदा ओढून पाहिला. लोण्यासारखा चालला.

पुढे आले तेव्हा दाजींचा अर्धा चहा शिल्लक होता. त्यांनी विचारलं, "काय रे, माझी स्प्रिंग आली का?"

"तुमची कधीच आलीये, दाजी."

दोघं हसले. दाजींचे हात काउंटरवर होते. स्टिअरिंग धरलेले, स्थिर, मोठे हात. मिस्त्रींनी सवयीने पाहिले आणि नेहमीसारखं त्यांना बरं वाटलं. त्यांनी बंदूक स्वतः पिशवीत घालून दिली, रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

चौथ्या दिवशी सकाळी ताई बाजारात गेलेली असताना दाजींनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःला गोळी घालून घेतली.

मिस्त्री पुढचे दिवस कसे जगले ते त्यांनाही सांगता येणार नाही. ताईकडे जायचे, सामान आणून द्यायचे, एका खुर्चीत बसून राहायचे. ताई बोलत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती भाजी निवडत होती आणि मिस्त्रींना राहवलं नाही. "मला काही कळलंच नाही गं," ते म्हणाले. "त्यांचे हात अगदी नेहमीसारखे होते."

ताईने मान वर केली नाही. "हात तू बघतोस हे त्यांना माहीत होतं. तूच सांगितलं होतंस."

मग ती सावकाश बोलत गेली. नोकरी सुटल्यावर दाजींची झोप गेली होती. चार चार तास स्वयंपाकघरात भिंतीकडे बघत बसायचे, आणि कोणी आलं की टवटवीत व्हायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हात जोडायचे, बाहेर कोणाला कळलं तर मी संपलो म्हणायचे. नवऱ्याची अशी गोष्ट भावाला तरी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून एक दिवस ते अंघोळीला गेले असताना तिने आगकाडीचा तुकडा सुईने ढकलून बंदुकीत बसवला. बंदूक बिघडली की तुझ्याकडे येणार हे ठरलेलं, म्हणाली. वाटलं, मिस्त्री आहे, बघेल, काडी आपोआप आत जात नाही एवढं तरी त्याला कळेल. ठेवून घेईल महिनाभर. त्या दुपारी बंदूक घराबाहेर गेली तेव्हा मी चार महिन्यांनी पहिल्यांदा गाढ झोपले. उठले तर ती परत कोपऱ्यात उभी.



"सही मागितली असती ना कोणी," ताई म्हणाली, "तर मी केली नसती. कोणाला काही सांगावंही लागलं नसतं. नुसती सही केली नसती."

ती परत भाजी निवडायला लागली. मिस्त्री उठून घरी आले. काडी हातात आली होती, उजेडात धरून पाहिली होती, आणि आपण विनोद केला, हे त्यांच्या मनाला खात राहिलं. जी नजर बेकरीवाल्याच्या मुठी ओळखायची, तिला घरच्या माणसाचं दुःख ओळखता आलं नाही, कारण ते राग होऊन आलं नव्हतं. मिस्त्रींना राग वाचता येत होता, बाकी काही नाही. तीस वर्षांत चुकीच्या हातात एक बंदूक गेली नाही म्हणाले होते. गेल्या असतील, कोणास ठाऊक. कोण येऊन सांगणार होतं?

त्यांनी आपल्या दुकानापुरता दहा दिवसांचा आणि सहीचा नियम लावला. निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या गावच्या दुकानात जायला लागली. जे रस्त्यात पाठ थोपटायचे ते आता पलीकडच्या फुटपाथवरून जायचे. मिस्त्रींना त्याचं फारसं वाटलं नाही.

वर्षभराने नर्सने तोच प्रस्ताव पुन्हा आणला. मिस्त्री बोलायला उठले तेव्हा मागच्या रांगेत लोक आधीच हसायच्या तयारीत बसले होते. एकजण तर हसलाही. मिस्त्रींनी त्याचं हसू ओसरू दिलं आणि सगळं सांगितलं. दाढीचा विनोद, चहा, काडी, सही. आवाज चढवला नाही. ती विधवा पुन्हा उठली आणि तिने पुन्हा विचारलं, मग माझ्या पाऊण तासाचं काय? मिस्त्री म्हणाले, "बाई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या डोळ्यांवर विसंबू नका." नियम दोन मतांनी मंजूर झाला. बाहेर पडताना नर्सने त्यांचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री ताईकडे गेले. ती सभेला आली नव्हती. गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. त्यांनी सांगितलं की नियम झाला.

"कळलं मला," ताई म्हणाली. "फार चांगलं बोललास म्हणे."

मिस्त्रींनी दोरीवरचा एक टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

"मागच्या वेळीही चांगलंच बोलला होतास," ती म्हणाली, आणि कपड्यांची घडी घालायला आत गेली.