धुऊन काढलेली हाक

डरकाळ्याला घाणीची किळस कधी आली नाही. बावीस वर्षं तुंबलेले संडास मोकळे करण्यात आणि मैल्याच्या टाक्या उपसण्यात गेलेली. अशा माणसानं नाकाचे लाड केले तर घरची चूल पेटायची कशी? त्याला मळमळायचं ते अत्तरानं. गिऱ्हाइकानं टाकीवर फुलांच्या वासाचं पाणी शिंपडलं की हा भडकायचा. "घाण काढायची तर काढा, नाहीतर राहू द्या. वरनं सजवता कशाला?"

डरकाळ्या हे नाव बँडमुळं पडलं. चौघांचा बँड. गिटारवर बायकोचा धाकटा भाऊ, ड्रमवर बेकरीतला भट्टीवाला, बेसवर शाळेतला कारकून आणि गळा याचा. वाजवायचे हेवी मेटल, भिंतीचा गिलावा पडेल असलं. आणि गायचे देवाला. त्यामुळं दोन्हीकडून हाकललेले. मेटलवाले म्हणायचे, "आली प्रार्थनासभा!" त्यांच्या ख्रिस्ती देवळातले म्हणायचे, "यांच्या अंगात सैतान आलाय." पंधरा वर्षांत देवळाच्या सभागृहाची पायरी काही बँडला चढू दिली नव्हती.

त्याचा गळा असा फाटका झाला त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी एका टाकीची कड ढासळली आणि हा आत गेला. हनुवटीपर्यंत मैला. जोडीदार जेवायला गेलेला. तासभर हा देवाला हाका मारत होता. आधी शब्द होते, मग शब्द संपले आणि नुसता घसा उरला. दोर खाली आला तेव्हा याच्या तोंडातून निघत होता तो आवाज माणसाचा नव्हता. तोच आवाज त्यानं गाण्यात आणला. बँडनं पुढं काढलेल्या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं तेच होतं, अकरा मिनिटांचं.

ते एकदाच गायलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून बघितलं होतं. "गाठी आल्यात. काय ओरडायचंय ते एकदा ओरडून घ्या. पुन्हा ओरडलात तर बोलणंही जाईल."

कुठली कंपनी दारात उभं करीना, म्हणून चौघांनी रेकॉर्ड स्वतःच काढली. रेकॉर्डिंगला बोलावलं ते डरकाळ्याच्या काकांना. काका पाळकसाहेबांची प्रवचनं रेकॉर्ड करायचे आणि गावात चांगले माइक त्यांच्याकडंच होते. सगळं काकांवर सोपवून हे चौघं निर्धास्त. तीनशे रेकॉर्डी छापून आल्या, तेव्हा डरकाळ्याच्या पुढच्या खोलीत चौघं कव्हरं चिकटवत बसले होते. मेहुण्यानं पहिली तबकडी लावली.

गिटार बरी वाजली. मग गळा आला. सगळी खरखर गेलेली, कडा तासलेल्या. सर्दी झालेला कुणी सज्जन गृहस्थ उशीत तोंड खुपसून गुणगुणत असावा तसा.

आतून बायको म्हणाली, "कोण गातंय हो? बरं गातंय की."

डरकाळ्याला टाकीवरचं अत्तर आठवलं. हातातलं कव्हर तसंच टाकून तो काकांकडं गेला.

"काका, काय केलंत हे?"

"अरे, केवढी घरघर होती!" काका खुशीत होते. "तुझा घसा बसलेला, कुणाला सांगायचं तरी कसं? तीन दिवस कॉम्प्युटरवर बसून एकेक ओळ साफ केली. पाळकसाहेबांना सर्दी झाली की मी असंच करतो. एक पैसा नको हो मला."

"मूळचं कुठाय?"

"ते पुसलं. जागा लागते रे, पुढची प्रवचनं कुठं ठेवू?"

काका चहा ठेवायला उठले. एखाद्या वैऱ्यानं हे केलं असतं तर डरकाळ्यानं त्याची कॉलर धरली असती. या मायेला धरायचं कुठं? चहा न घेताच तो निघाला.

बँडमध्ये तिघं एका बाजूला. मेहुणा तर हवेत होता. "दाजी, पाळकसाहेबांनी ऐकली! म्हणाले, आता शब्द कळतात. रविवारी उपासनेनंतर सभागृहात बोलावलंय आपल्याला!"

"आपल्याला नाही. त्या गुणगुण्याला."

"पंधरा वर्षं बाहेर उभे होतो, दाजी. आता दार उघडलं तर तुम्हाला वास येतोय."

"येतोय."

कारकून म्हणाला, "पुन्हा गाता येणार आहे का तुम्हाला? नाही ना? मग आहे ते काय वाईट?"

रविवारी सभागृह भरलं. शेवटचं गाणं लावलं. बायका डोळे मिटून डोलत होत्या, एका आजीनं तर ठेका धरला. डरकाळ्या भिंतीला टेकून उभा होता. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या आणि पाळकसाहेबांनी माइक त्याच्या हातात दिला. "या मधुर साक्षीबद्दल आमचे बंधू दोन शब्द बोलतील."

"हे मी गायलेलं नाही," डरकाळ्या म्हणाला. आवाज घोगरा आणि बारीक, पण माइक चांगला होता. "मी गायलो ते पुसून टाकलंय. ते काय होतं तेवढं सांगतो. मैला पाण्यासारखा नसतो. वर साय असते, पायाखाली गाळ. हात वर केला की बाहीतून आत उतरतो..."

पहिल्या रांगेत रुमाल नाकाला गेले. बायकोनं मान खाली घातली. मेहुणा दात आवळून म्हणाला, "दाजी, बसा खाली. लोक जेवायला जाणारेत."

"अळ्या कानात शिरतात. मी देवाला हाक मारायला तोंड उघडलं..."

पाळकसाहेब खाकरले. दोन कुटुंबं उठून गेली, विकत घेतलेल्या रेकॉर्डी जाताना विक्रीच्या टेबलावर परत ठेवून. ठेका धरणारी आजी मात्र जागची हलली नव्हती.

"तोंडात गेलं?" तिनं विचारलं.

"गेलं, आजी."

"आणि तरी हाक मारलीस?"

"तोंड मिटून कशी मारणार?"

आजीचा चेहरा कसनुसा झाला. तिनं पदर तोंडावर धरला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "पुढं सांग."

डरकाळ्यानं घशावर हात ठेवला आणि पुढचं सांगायला लागला.