मिलीच्या कुकी रांग ओलांडत नाहीत

यंगस्टाउन या जुन्या पोलादी गावात लग्नातला केक कसा होता हे कुणी विचारत नाही. कुकीचं टेबल कसं होतं, ते विचारतात. आत्या, मावश्या, शेजारणी महिनाभर आधीपासून भट्टी पेटवून बसतात. केटीच्या लग्नाच्या कुकी सगळ्यांनी तिच्या आजीच्या, मिली ह्राबोव्स्कीच्या, गार तळघरात आणून ठेवल्या होत्या. लग्नाच्या दिवशी, शनिवारी दुपारी त्या साऱ्या मिलीच्या गाडीत होत्या.

मिली पोलाद कारखान्यातल्या अँडीची विधवा. स्वतःही उभा जन्म बल्बच्या कारखान्यात काढलेली. ब्लाउज घेताना आधी युनियनच्या कामगारांनी शिवल्याचं लेबल शोधायची, मग माप बघायची. त्यामुळे तिचे निम्मे ब्लाउज ढगळ असत.

चर्चमधलं लग्न आटोपून जेवणाच्या हॉलवर पोचली तो काय, दारासमोर तिथल्या वाढपी बायका फलक घेऊन फेऱ्या मारताहेत. सकाळीच संप झाला होता. मिलीनं गाडी समोर लावली आणि टोपी सारखी करून, एक फलक उचलून त्यांच्यात चालू लागली.

तिचा मुलगा ज्यो, नवरीचा बाप, धावत आला. "आई, हे काय? चल आत!"

"संपकऱ्यांची रांग ओलांडून? मी?"

"मागच्या दारानं चल."

"मागच्या दारानं फितूर जातात."

"अगं, तुझा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली!"

"कारखाना बंद झाला. माझं तोंड नाही झालं."

"मग किल्ली दे, कुकी तरी नेतो."

"त्याही युनियनच्याच आहेत."

बायका खो खो हसल्या. तेवढ्यात चर्चमधून नवरीची गाडी आली. केटीनं आजीच्या हातातला फलक पाहिला आणि तिचा चेहराच उतरला.

"आजी, आजचा एकच दिवस गं. तू नसलीस तर माझ्याबरोबर पोल्काचा पहिला नाच कोण नाचणार?"

मिलीचा आवाज खाली आला. "सख्ख्या भावानं संप फोडला म्हणून तुझ्या आजोबांनी त्याच्याशी मरेपर्यंत अबोला धरला. वर गेल्यावर त्यांना काय सांगू? चार घास खायला आत गेले म्हणून?"

 केटी व्हॅनला टेकून उभ्या असलेल्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याकडे वळली. "स्टॅनकाका, तुम्ही बाहेर कसे?"

"पोरी, आम्हा वाजवणाऱ्यांचीही युनियन आहे."

केटीला हसू फुटलं. तिनं उंच टाचांचे बूट काढून नवऱ्याच्या हातात दिले. "आजी, बाबांना किल्ली दे. टेबल इथंच लावू."

गाड्यांच्या बॉनेटवर ताटं मांडली गेली. स्टॅननं सूर धरला आणि आजी-नात पार्किंगमध्ये गरगरू लागल्या. आत बसलेले पाहुणे एकेक करून बाहेर आले. शेवटी हॉलचा मालक दारात आला.

"जेवण गार होतंय!"

"वाढायला कोण आहे?" एक वाढपीण म्हणाली.

मालक तिथंच घुटमळला. त्याची नजर मिलीच्या कोलाचीवर, अक्रोडाचं सारण भरलेल्या कुकीवर होती. त्याची आईही तशीच करायची.

"हवीय?" मिलीनं ताट पुढे केलं. "पण रांगेच्या अलीकडे येऊन खायची. आणि खाता खाता या बायकांचं ऐकून घ्यायचं."

त्यानं एकदा मागे रिकाम्या हॉलकडे पाहिलं, आणि पायरी उतरला.

मिलीनं त्याला दोन दिल्या.