लिंबू, सिरका आणि हॉलची फरशी

नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो त्याच हिवाळ्यात आईचे हात फुटले. आधी वाटलं, थंडीमुळे. दिल्लीच्या थंडीत सगळ्यांचेच हात खरखरीत होतात. पण फेब्रुवारी संपला, पंखे सुरू झाले, तरी तिच्या बोटांच्या पेरांवरच्या चिरा मिटेनात. कणीक मळताना ती तोंडातल्या तोंडात ‘स्स’ करायची आणि मी बघितलं की हसायची.

त्याआधी आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. तिथे आई साबणाच्या एका पिवळ्या वडीनं सगळं धुवायची. नोएडात आल्यावर केबल आली आणि केबलबरोबर जाहिराती. फरशीची बाटली वेगळी, टाइल्सची वेगळी, भांड्यांची पावडर निळी, कपड्यांची पांढरी. आईला ते सगळं मनापासून आवडायचं. नवं घर, नव्या वस्तू. बाथरूममधल्या फळीवर ती बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, “घर में क्या-क्या इस्तेमाल करती हैं?” आईनं यादी सांगितली. ती संपेपर्यंत त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. “सब बंद कीजिए. दो-तीन महीने.”

घरी येताना बसमध्ये आई म्हणाली, “बंद करा म्हणे! मग घर काय फुंकर मारून स्वच्छ करायचं?”

सरोजिनी नगरहून रबरी हातमोजे आणले. त्यात घाम साचून हात आणखीच चिघळले. शेवटी तळमजल्यावरच्या आंटींनी उपाय सांगितला. त्या बुलंदशहरच्या होत्या, आणि जिन्यात भेटलेल्या माणसाला त्या पाच मिनिटांच्या आत सोडत नसत. “बहनजी, रीठा उबालिए. हमारे यहाँ तो सब उसी से होता था.”

“रिठ्यानं मी रेशमी साड्या धुतल्यात,” आई मला म्हणाली. “भांडी कधी नाही. बघू या.”

बघायचं काम माझ्याकडे आलं. माझी सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि आईला पाण्यात हात घालायची बंदी होती. मी रिठे फोडले, भिजवले, उकळले. चहासारखं तपकिरी पाणी निघालं. पळीनं ढवळल्यावर त्यावर फेस आला, खराखुरा, साबणासारखा. एका फळात फेस कसा काय असू शकतो, हे मला कळेना. बाबांना विचारलं. ते दिल्लीत एका मंत्रालयात हिशेबाच्या विभागात होते. म्हणाले, “मी कॉमर्सचा. मला विचारू नकोस.”

मग मला छंदच लागला. सोसायटीच्या गेटपाशी कोळशाच्या इस्त्रीनं कपडे इस्त्री करणारी बाई बसायची. तिच्याकडून डबाभर राख आणली. “राख का क्या करोगी, बिटिया?” ती हसत राहिली. त्या राखेनं पुरीच्या कढईचा चिकट थर निघाला. रिठ्यानं तो हललाही नव्हता. चिंचेनं तांब्याचा तांब्या गुलाबी झाला. चिंचेला तांबं कसं ओळखू येतं? स्टीलवर तर तिचा काहीच परिणाम होत नव्हता. आई खुर्चीत बसून, हातांना खोबरेल तेल लावून सूचना करायची. “दाब दे. गोल फिरव. अगं, भांडं घासतेयस, मांजर कुरवाळत नाहीयेस.”

सगळ्यात चिवट होते नळ. नोएडाच्या खाऱ्या पाण्यानं चार महिन्यांत नव्या नळांवर पांढरा टणक थर चढला होता. रिठा हरला, राख हरली. एक दिवस मी चिंधी सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून नळाला गुंडाळली. थोड्या वेळानं कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू आली. चिंधी काढली, तर पांढरा थर मऊ होऊन बोटानंच निघाला. आत चकचकीत नळ. मी ओरडले, “आई, बघ!” आणि आई ओले हात चालत नाहीत हे विसरून नळाला हात लावायला धावली.

त्या यशानं माझं डोकं फिरलं. सिरक्यानं नळ चमकतो, तर फरशी का नाही चमकणार?

आमच्या हॉलची फरशी संगमरवरी होती. बाकी घरात साध्या टाइल्स होत्या. पण हॉलसाठी बाबांनी स्वतः दुकानात जाऊन, एकेक लादी उन्हात धरून निवडली होती. दुपारी आई झोपली असताना मी दारापाशी दोन लाद्यांवर सिरका आणि लिंबाचा रस ओतला, छान पसरवला आणि अर्ध्या तासानं पुसला. वाळल्यावर तिथे एक मोठा निस्तेज डाग उमटला. आरशावर वाफ धरावी तसा. पुसत राहिले, डाग तसाच राहिला.

बाबा संध्याकाळी आले, चप्पल काढताना थांबले. वाकून डागावरून बोट फिरवलं.

“काय ओतलंस?”

मी सांगितलं. ते पुन्हा पुन्हा डागावरून बोट फिरवत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई म्हणाली, “मीच तिला या कामाला लावलं. तिला बोलू नका.” बाबा न जेवता बाल्कनीत जाऊन बसले.

रविवारी त्यांनी फरशी घासून चकचकीत करणाऱ्या कारागिराला बोलावलं. वयस्क माणूस, भुवयांवरसुद्धा पांढरी भुकटी. त्यानं डाग पाहून विचारलं, “तेज़ाब गिरा?” म्हणजे ॲसिड सांडलं का.

“नींबू,” मी कसंबसं म्हणाले.

“नींबू भी तेज़ाब ही है, बेटा. और मार्बल क्या है? चूना.” बाल्कनीत उरलेल्या लाद्यांचे तुकडे पडले होते. त्यानं एक उचलला, आईकडून लिंबू मागितलं आणि चार थेंब पिळले. रसात बारीक बुडबुडे आले. कान न लावताही मला ती चुरचुर ओळखू आली.

“बाबा, नळावर अस्संच होत होतं!” लाज, भीती सगळं बाजूला राहिलं. “म्हणजे नळावरचं ते पांढरं पण चुनाच!”

कारागीर म्हणाला, “बिल्कुल.” डाग काढायचा तर सगळा हॉल घासावा लागेल, असं सांगून तो चहा पिऊन गेला. बाबांनी हॉल घासून घेतला नाही. ते त्या तुकड्यापाशी उकिडवे बसले. “दही आण बरं,” ते म्हणाले. मग चिंचेचा कोळ, मग ताक, मग मीठ, रिठ्याचं पाणी. प्रत्येकासाठी नवा कोपरा. जे जे आंबट, त्यानं बुडबुडे आले; मीठ आणि रिठ्यानं काहीच झालं नाही, तेव्हा बाबा इतके खूश झाले, जणू ते स्वतःच पास झाले होते. जेवायला बोलावून बोलावून आई दमली.

आईच्या चिरा मिटायला दिवाळी उजाडली. रिठ्यामुळे मिटल्या की नुसत्या विश्रांतीमुळे, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. भांड्यांना तिनं रिठा आणि राखच ठेवली. कपड्यांची पावडर परत आली, ती बाबांनी हाताळायची या अटीवर. हॉल नुसत्या पाण्यानं पुसायचा असं ठरलं. डाग राहिला, त्यावर पायपुसणं आलं.

कारागीर आला होता त्याच रविवारी जेवताना आईनं सहज विचारलं होतं, “पण पाण्यात एवढा चुना येतो तरी कुठून?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हात धुऊन आम्ही दोघं गच्चीवर गेलो, लोखंडी शिडी चढलो आणि टाकीचं झाकण सरकवलं. सोसायटीच्या बोअरचं पाणी जाड पाइपातून धो धो पडत होतं. बाबांनी ओंजळ भरली, उन्हात धरली. पाणी अगदी नितळ होतं.

“दिसत तर काहीच नाही,” ते म्हणाले, आणि आम्ही आळीपाळीनं त्या ओंजळीत डोळे घालून बघत राहिलो.