वऱ्हाडच्या चाकोरीत बेबी मोटार

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीच्या फलाटावर उतरले आणि सर्वांत आधी चौकशी केली ती मोटारीची. अकोल्याच्या एका दवाखान्याला खेडोपाडी हिंडणारी डॉक्टरीण हवी होती. जागा मला मिळत होती, पण मोटार स्वतःची हवी अशी अट होती. माझ्या शिलकीत बसणारी एकच गाडी विकाऊ होती, नानासाहेब वकिलांची बेबी मोटार. ती कामाची निघाली नाही, तर पुण्याला परतून पुन्हा शाळेतल्या मुलींचे दात तपासणे माझ्या नशिबी होते!

वकिलांच्या अंगणात निंबाखाली शेळी बांधावी तशी ती उभी होती. निळी, चकचकीत आणि इतकी इवलीशी, की मला हसूच फुटले. ओसरीवर मात्र वाद पेटला होता. वकिलांचे मित्र बापूसाहेब देशमुख यांची स्वतःची मोटार लांबलचक अमेरिकन होती.

"नाना, हे मोटर व्हय का पाळणा? बाईले कावून फसवून राहिला?"

"तुझी गाडी म्हणजे हत्ती! पेट्रोल पिते किती?" वकील उसळले.

"पिऊ दे. पण चाकोरीत चालते. तुही चालवून दाखव, मंग बोल!"

चाकोरी म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांनी काळ्या मातीत पाडलेले दोन खोल चर. खेड्यांत जायचे तर रस्ता तोच. मी म्हटले, "उद्याच पाहू. निळी मी चालवते." मला तर कधी उजाडते असे झाले होते.

सकाळी दोन्ही गाड्या घेऊन अकोल्याच्या वाटेला लागलो. बडनेरा मागे पडले आणि मी गाडी अशी पिटाळली, की शेजारी बसलेल्या वकिलांनी टोपी मांडीखाली दाबून धरली. दोन्ही बाजूंनी पांढराशुभ्र फुटलेला कापूस! मूर्तिजापूरला कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली) आणि वांग्याचे भरीत खाल्ले. तिखटाने माझ्या डोळ्यांना धार लागली, तर बापूसाहेब म्हणाले, "आमच्याकडे हे पाव्हण्याचं सपक जेवन हाये."

जेवण उरकून गाड्या शेतवाटेला घातल्या. बापूसाहेबांची चाके चाकोरीत चपखल बसली आणि ते ऐटीत पुढे गेले. माझी गाडी अरुंद. एक चाक चरात, दुसरे मधल्या उंचवट्यावर, अशी तिरकी चालली. शंभरेक पावलांवर धाडकन आवाज झाला. गाडीचे पोट उंचवट्यावर टेकले आणि मागची चाके हवेत गरगरू लागली. वकिलांचा चेहरा उतरला. पुढून बापूसाहेबांचे हसू ऐकू आले. संपली माझी नोकरी, असे मी मनाशी म्हटले आणि खरेच रडू आले.

शेतात कापूस वेचणाऱ्या चार बाया धावत आल्या. त्यातली थोरली, मैनाबाई, गाडीभोवती फिरली. "एवढुशीच त हाये! धरा वं!" आम्हाला खाली उतरवून, पदर खोचून चौघींनी गाडी उचलली आणि बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अलगद ठेवली. मी पाहतच राहिले.

तेवढ्यात समोरून कापसाने लादलेली बैलगाडी आली. अमेरिकन मोटार काही केल्या चाकोरीबाहेर पडेना आणि बैल काही मागे सरेनात. शेवटी बापूसाहेबांना थेट हमरस्त्यापर्यंत उलटे जावे लागले. आता हसण्याची पाळी वकिलांची होती.

मैनाबाईने विचारले, "तुमी डाक्तरीन व्हय? आमच्याकडचा डाक्तर नाल्याच्या अलीकडंच थांबते. मोठी गाडी येत नाही म्हंते. अडलेल्या बाईले बैलगाडीत टाकून न्या लागते. माही वयनी वाटेतच गेली." तिने माझा हात धरला. "तुमी या माय. अडकली त आमी हावोत."

अकोल्याला पोचताच मी दवाखान्यात होकार कळवला आणि वकिलांच्या हातावर विसार ठेवला. बापूसाहेब एवढेच म्हणाले, "घ्या बाई. पन मोटर म्हनू नोका तिले."

सामान आणायला पुण्याला आले, तर दारातच वडिलांचा प्रश्न, "किती माणसांची आहे गाडी?"

"बसायला चार," मी म्हटले, "आणि उचलायलाही चारच."

त्यांना ते काही पसंत पडले नाही. मी ट्रंक भरायला घेतली.