मंगळवारची मुक्कामी गाडी

आमच्या गावची एसटी मुक्कामी होती. संध्याकाळी मेढ्याहून चढून यायची, पारापाशी झोपायची आणि सकाळी सहाला माणसं भरून खाली उतरायची. ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी घालायची पाळी घरोघर लावलेली. ही गाडी बंद करायचं घाटत होतं. कारण काय, तर म्हणे प्रवासी नाहीत! हे उठवलं कुणी? गावातल्या दोन बड्या घरांनी. त्यांच्या दारात जीपा आल्या होत्या.

माझी धाकटी बहीण मेढ्याच्या शाळेत नववीला होती. वडिलांनी एकदाच सांगितलं, "गाडी हाय तवर शाळा. कुणाच्या जीपमागं पोरगी उभी करायची न्हाई."

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होतो आणि पत्रकं काढायचो. पेट्रोल महागलेलं. 'पन्नास माणसांना एक गाडी, की एका माणसाला एक जीप?' असलं काहीबाही सायक्लोस्टाइल करून वाटायचो. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. गाडीसाठीचा अर्जही मीच लिहिला: मंगळवारी सकाळी या आणि डोकी मोजा. मंगळवार का? त्या दिवशी मला तास नव्हते, म्हणून.

सोमवारी संध्याकाळी तपासनीस साहेब मुक्कामी गाडीनेच आले. मी मित्राची फटफटी घेऊन पोचलो. घरी पाऊल टाकलं तर आई म्हणाली, "उद्या वार हाय रं. इसरलास व्हय?"

आषाढातले सगळे मंगळवार आमचं गाव देवीचे वार पाळतं. त्या दिवशी औत नाही, जातं नाही आणि गावची शीव ओलांडायची नाही. मी लहानपणापासून पाळलेले. दोन वर्षं शहरात काढली आणि साफ विसरलो.

पहाटे पाचला मी घरोघर फिरलो. हात जोडले, मग ओरडलो. "एका दिवसानं देवी कोपणार हाय का? गाडी गेली तर बसा बोंबलत!" दारं उघडायची, मान हलायची, दारं मिटायची. शेजारची म्हातारी तेवढी बोलली. "आमी वर्साचं बाकी समदं दिस गाडीत बसतो. तू कवा बसतोस रं? येतोस तर फटफटीवर!"

मी पुढच्या दाराकडे वळलो.

पावणेसहा झाले. ड्रायव्हरने गाडी चालू केली. साहेब पुढच्या बाकावर मांडीवर कागद घेऊन बसलेले, मागे सगळे बाक रिकामे. वडील पाराजवळ उभे. वार पाळण्याचा मान आमच्याच घराकडे, त्यामुळे सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता. तेवढ्यात बहीण दप्तर घेऊन आली आणि कुणाकडे न बघता गाडीत चढली. आई दारातूनच ओरडली, "खाली उतर, भवाने!"

"एक मेढा," ती कंडक्टरला म्हणाली.

साहेबांनी मला खिडकीशी बोलावलं. "एवढा मोठा अर्ज आणि प्रवासी एक?"

गाव वार पाळतो, हे सांगायची मला लाज वाटत होती. पत्रकात मी असल्या चालींची टर उडवलेली. सहाला दोन मिनिटं कमी. बहीण माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं.

"साहेब, आज गावाचा वार हाय," मी म्हणालो. "शीव कुणी ओलांडत न्हाई. तारीख मी चुकीची घातली. गावाचा दोष न्हाई."

"लिहून द्या."

पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, घडी केली. "पण मी मोजलं ते मोजलं. उद्या परत यायला मला वेळ नाही."

तेव्हा वडील पुढे झाले. "आवं साहेब, मग जाताय कशाला? आज या गावचं माणूस भायेर जात न्हाई, तसं आलेलं बी जात न्हाई. ऱ्हावा. आमच्यात जेवा. उद्याच्याला मोजा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, चिखल बघितला, वडिलांकडे बघितलं आणि पिशवी उचलून खाली उतरले. गाडी सुटली. आत बहीण एकटी. वडिलांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. पण उतर म्हणाले नाहीत.

बुधवारी सहाला पाराशी ही गर्दी! साहेबांनी दाराशी उभं राहून एकेक डोकं मोजलं, आणि मोजेपर्यंत त्यांचीच जागा गेली. मेढ्यापर्यंत दांडीला धरून उभे राहिले. गाडी टिकली. बहीण मॅट्रिक त्याच गाडीने झाली.

त्या सकाळी मीही चढायला गेलो. पायरीवरून वडील म्हणाले, "तू फटफटीवर ये. हितं गाडीतली माणसं बसत्यात."

फटफटी मित्राला परत केली, ती कायमची.