हळूसरांची तिसरी नोंद

गाडी शिकवताना दर दोन मिनिटांनी "हळू, हळू" म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच पडलं हळूसर. एकतीस वर्षं हेच काम. शिकवण्याचा परवाना या महिन्यात संपत होता, आणि नव्या अर्जाला आजवर मोडलेल्या नियमांची यादी जोडायची होती. दुपारी सुनेने लॅपटॉपवर त्यांच्या लायसन्सचा नंबर टाकला.

"बाबा, तीन नोंदी निघाल्या. दोनच चालतात. तिसरी असली तर आरटीओच्या साहेबांना पुन्हा गाडी चालवून दाखवायची."

शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून बसून हळूसरांची स्टिअरिंगची सवयच मोडली होती. नापास झालो तर शिकवणं संपलं.

"तोंड नका पाडू. शिकवणीच्या गाडीची चूक तुमच्या नावावर पडते, पण कोण चालवत होतं ते कळवलं की तुमच्या नावावरची पुसली जाते. एक नाव सांगा, सुटलात!"

हळूसर पडद्याकडे बघत राहिले. अक्षरं विरघळून माणसं दिसू लागली, आणि ते सुनेला एकेकाचं सांगू लागले. सिग्नलच्या रेषेपुढे गाडी नेणारी नर्स, रात्रपाळीची जांभई आवरत. एकेरी रस्त्यात उलटा शिरलेला शिंपी, दुकानाच्या काचेतला कोट बघून ओरडला होता, "सर, बाही चुकलीय!" आणि तिसरी, वेगाची. तळ्याकाठचा मोकळा रस्ता, पाण्यावर सांडलेलं ऊन, आणि जन्मभर कुजबुजत बोललेल्या ग्रंथपालबाई. काटा चढत गेला, झाडं मागे वाहू लागली, आणि बाई चक्क खळखळून हसल्या. गाडी जणू रस्त्यावर नव्हतीच.

"ग्रंथपालबाईंचं लिहू या," सून म्हणाली. "त्यांनी गाडी कधीच विकली. कुणाचं काही बिघडत नाही."

"नको. ती माझी आहे."

"तुम्ही कुठे चालवत होता?"

"दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली होता गं. मी दाबला नाही. मुद्दाम."

"तुम्ही? कमाल झाली!"

"बाईंचं हसू मोडवेना."

"मग नर्सचं?"

"ती रोज गाडीने कामावर जाते. तिच्या मागे नको लचांड."

"आणि शिंपी?"

"तुझे कपडे आहेत ना त्याच्याकडे शिवायला? मग तूच ठरव."

सून हसली. नावाचा रकाना तिने कोराच ठेवला, अर्ज पाठवला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "परीक्षेला मंगळवारची तारीख आलीय. चला, मी शेजारी बसते. आणि चुकलात तर ओरडणार, आधीच सांगते."

फाटकाशीच गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली.

"क्लच, बाबा, क्लच!"

"कळतं गं मला," असं पुटपुटत हळूसरांनी कपाळावरचा घाम पुसला, सीट जरा पुढे ओढली आणि किल्ली पुन्हा फिरवली.