ढोलाखालचा आवाज

कॅसेटची पहिली बाजू ठीक वाजली. दुसरी लावली आणि ढोल सुरू झाला. बायका टाळ्या वाजवत गात होत्या, मध्येच कुणीतरी खळखळून हसत होतं. लग्नघर असावं.

"आजीचा आवाज कुठे आहे?" मी मरियमला विचारलं.

"याच्याखाली. तिचं बोलणं होतं त्यावर राशिदकाकांनी ही गाणी भरली. चुकून नाही, मुद्दाम."

मी मस्कतमध्ये, अल् घुब्रा भागात, एका साउंड स्टुडिओत इंजिनियर आहे. मूळची अलिबागची. मुंबईत हे काम शिकले, लग्न होऊन इथे आले आणि इथलीच झाले. आमचं रोजचं काम म्हणजे रेडिओच्या जाहिराती, बँकेला फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारे आवाज, रमझानच्या ऑफर. जुन्या रेकॉर्डिंगची दुरुस्ती क्वचित येते. आली की ती माझ्याकडेच येते, कारण स्टुडिओतला जुना कॅसेट डेक हाताळणारी आता मी एकटीच उरले आहे.

मरियम सूरला शाळेत सायन्स शिकवते. सूर म्हणजे समुद्रकाठचं गलबतं बांधणाऱ्यांचं गाव. तिने पहिल्या भेटीतच, खुर्चीत बसता बसता, इंग्रजीत सांगितलं होतं, "माझी आजी झायना गुलाम होती. तिचा आवाज मला गावाला ऐकवायचा आहे."

झायनाला लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून सूरला आणलं होतं आणि एका व्यापाऱ्याला विकलं होतं. तिचा थोरला मुलगा राशिद त्याच घरात जन्मला, म्हणून तोही जन्मापासून गुलाम. पुढे ओमानमध्ये गुलामी कायद्याने बंद झाली. धाकटा मुलगा, म्हणजे मरियमचे वडील, त्यानंतरचा. या धाकट्यानेच तरुणपणी घरच्या टेपरेकॉर्डरवर आईला बोलतं केलं होतं. आता झायनाही नाही आणि मरियमचे वडीलही नाहीत. सूरमध्ये गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज ऐकवण्याचा एक कार्यक्रम ठरत होता आणि मरियमला त्यात ही कॅसेट हवी होती.

पहिल्या बाजूचं काम सोपं होतं. कॅसेटचं प्लास्टिक फुटलं होतं, आतल्या टेपवर बुरशी होती. टेप साफ करून नव्या खोक्यात घातली. मग हेड जुळवलं. हेड म्हणजे टेप वाचणारा छोटा धातूचा ठोकळा. तो टेपला अगदी काटकोनात असावा लागतो. पण घरगुती टेपरेकॉर्डरचं हेड बहुधा थोडं वाकडं असतं, आणि रेकॉर्डिंगही तसंच वाकडं होतं. मग आपलं हेड तेवढंच वाकडं करायचं. स्क्रू हळूहळू फिरवत जायचं. आवाज घोंगडीतून यावा तसा येत असतो, आणि एका ठिकाणी माणूस समोर येऊन बसतं.

झायना समोर येऊन बसली. खर्जातला आवाज, बोलणं सावकाश. माझं अरबी बाजारहाटापुरतं, त्यामुळे मरियम शेजारी बसून सांगत होती.

"गलबतावरचा स्वयंपाकी रोज संध्याकाळी आम्हा पोरांना नवी नावं घोकायला लावायचा. चुकलं की जेवण नाही. मी झायना लगेच शिकले. भूक लागायची. आधीचं नाव हळूहळू गेलं. आई हाक मारायची तो सूर आठवतो, नाव आठवत नाही."

मरियमने हे सांगितलं. मी टेप थांबवली.

पुढे झायना विहिरीबद्दल बोलली, खजुराच्या बागेबद्दल बोलली. मग म्हणाली, "राशिद सहा वर्षांचा झाला. मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं. आणि लग्नात त्यांनी माझ्या राशिदला..."

तिथे बाजू संपली. पुढचं वाक्य ढोलाखाली होतं.

"लग्नात काय?" मी विचारलं.

"मुलीबरोबर देऊन टाकलं," मरियम म्हणाली. "भांडी द्यावीत तसं. दुसऱ्या गावी. काही महिन्यांनी तो परत आला. मालकाला दया आली आणि त्याने परत बोलावलं, असं काका सांगतात. एवढंच आम्हाला माहीत आहे. आजी काय म्हणाली होती ते बाबांनी ऐकलं होतं, पण ते हा विषय काढत नसत."

मी तिला सांगितलं की टेपवर दुसरं काही भरलं की आधीचं पुसलं जातं. मशीनमध्ये एक पुसणारं हेड असतं. ते पुढे पुसत जातं आणि मागचं हेड लिहीत जातं. त्यामुळे फार आशा ठेवू नकोस. ती सूरला परत गेली. मी हेडफोन लावून ढोल ऐकत बसले.

दोन गाण्यांच्या मध्ये बायका श्वास घ्यायला थांबल्या आणि माझ्या कानाला काहीतरी लागलं. कुजबुजीपेक्षाही बारीक. मी आवाज पूर्ण वाढवला. पुढच्या थांब्यात पुन्हा तेच. तोच खर्जातला सूर.

याचा अर्थ एकच होता. राशिदकाकांच्या मशीनचं पुसणारं हेड जरा खाली बसलेलं होतं. टेपच्या वरच्या कडेला केसाएवढी पट्टी त्याच्या तावडीतून सुटली होती. झायना त्या पट्टीवर होती. ती वाचायची तर आपलं हेड उचलून नेमकं त्या कडेवर आणायला हवं होतं. डेकमध्ये तशी सोय नसते. डेक उघडून हेडची बैठक कापावी लागणार होती.

आमचा मालक हिलाल. सगळे त्याला अर्बाब, म्हणजे धनी, म्हणतात; मी नावाने हाक मारते.

"आपला एकच डेक आहे," तो म्हणाला. "तो कापायचा?"

"हो."

"बिघडला तर?"

"तर कॅसेटचं काम खलास. पण वर्षभरात आलेलं हे पहिलंच काम आहे."

तो म्हणाला, "डेकचं सोड. हा विषय आमच्याकडे कुणी बोलत नाही. लोक हसून दुसरीकडे वळतात. उद्या कुणी मला विचारलं, की हे उकरून काढायला तुला कुणी सांगितलं, तर?"

"सांग की तिच्या नातीने."

हिलालचं घराणं झांझिबारहून, आफ्रिकेजवळच्या बेटावरून, परत आलेलं. त्याच्या आजोबांच्या तिथे लवंगांच्या बागा होत्या. हे तो नेहमी हौसेने सांगायचा. त्या दिवशी मात्र वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आजोबा लवंगा स्वतः खुडत नव्हते." मग उठला आणि टूलकिट स्वतः आणून दिलं. "यल्ला, चल. काप."

बैठक कापली. हेडखाली पत्र्याच्या पातळ चकत्या घालत घालत ते वर नेलं. एक चकती जास्त झाली की हेड टेपच्या बाहेर जाई, एक कमी झाली की पुन्हा ढोल. शेवटी सोड्याच्या कॅनचा पत्रा कामी आला, तो बरोबर जाडीचा निघाला. आता ढोल लांब गेला होता आणि झायना जवळ आली होती. पण तिच्याभोवती फोडणीत पाणी पडल्यासारखी चरचर होती.

उरलेलं काम कॉम्प्युटरचं. गाणी माझ्याकडे स्वच्छ होती, कारण ती टेपच्या मधल्या भागावर ठळक भरलेली होती. त्यांच्या ध्वनिलहरी उलट्या करून आजीच्या आवाजाखालच्या गाण्यांवर बसवल्या की दोन्ही एकमेकांना खातात. वजाबाकीच ती. फक्त टेप सारख्या वेगाने पळत नाही, त्यामुळे ओळीओळीने बसवावं लागलं. आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. गाणी मला पाठ झाली. मग एका सकाळी ढोल गेला आणि बाई बोलत राहिली.

काय बोलते ते मला कळत नव्हतं. शब्द मात्र सगळे सुटे, स्वच्छ होते. इतकं समाधान मला या धंद्यात पूर्वी मिळालं नव्हतं. मी हिलालला हाक मारली नाही. हे आधी घरच्यांनी ऐकावं असं वाटलं. मरियम शुक्रवारी येणार होती.

गुरुवारी राशिदकाका आले.

अंगात पांढरा स्वच्छ दिश्दाशा, इथला पायघोळ झगा, हातात काठी, सुताराचे रुंद पंजे. गलबताच्या लाकडासाठी त्यांच्या मुंबईच्या बंदरात फेऱ्या झालेल्या, त्यामुळे ते माझ्याशी हिंदीत बोलले.

"कॅसेट द्या, बेटी. मी न्यायला आलोय."

"मरियम उद्या येणार आहे, काका."

"कॅसेट मरियमची आहे, ठीक. पण गोष्ट कुणाची आहे?"

मला खरं ते सांगावं लागलं. "तुमची."

"मग?"

मी डेकमधून कॅसेट काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. मागे हिलाल दारात उभा होता. त्याने मान हलवली, पण मला अडवलं नाही.

काका कॅसेट उचलून बसूनच राहिले. मग आपणहून बोलले. "माझ्या मुलाची सोयरीक जमली होती, लग्न होतं. लोक अजून मूळ विचारतात. कुणाचा कोण, कुठून आला. म्हणून त्याच्या लग्नातली गाणी यावर भरली. आत काय आहे ते मला माहीतच होतं. आईने मला न्हाऊ घातलं, नवे कपडे घातले, माझा हात धरून मला त्यांच्या गाढवापर्यंत नेलं आणि हात सोडला. रडली नाही. ते मी कशाला पुन्हा ऐकू?"

"म्हणजे तुम्ही ही बाजू ऐकलीच नाही?"

"नाही."

"काका, मला यातलं काही कळलेलं नाही. कुणालाच मी अजून ऐकवलेलं नाही. आवाज मात्र निघालाय. तुम्ही एकट्याने ऐका. नको वाटलं तर कॅसेट घेऊन जा, कॉम्प्युटरवरचं मी तुमच्यासमोर पुसते."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हेडफोन मागितले.

मी काचेपलीकडे जाऊन उभी राहिले. सुरुवातीला ते ताठ बसले होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरले. संपल्यावर बोटाने खूण केली, पुन्हा. पुन्हा लावलं. मग एक ठरावीक जागा मागितली, ती ऐकली, आणि पुन्हा तीच मागितली. हिलालने पाणी नेऊन ठेवलं. ते तसंच राहिलं.

हेडफोन काढल्यावर त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, आणि आईचं बोलणं आपल्या हिंदीत आम्हाला सांगितलं.

झायना रडली नव्हती, कारण रडलीस तर पोराला वाटेत मार बसेल असं तिला बजावलं होतं. राशिद गेल्यावर ती अंगणात विहिरीजवळ बसली आणि उठेना. मारलं तरी उठेना. त्या घरात मालकाचा छोटा नातू होता. तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला, दुसऱ्या कुणाच्या हातून घास न घेणारा. तो तिच्याकडे धावत आला, की ती हात मागे बांधून बसायची. पोर रडायचं, तीही आतून तुटायची, पण हात सोडायची नाही. मालकीण येऊन ओरडली. तेव्हा झायना म्हणाली, "माझा आणा, मग तुमचा जेवेल."

"आणि आणला," राशिदकाका म्हणाले. "काही महिन्यांनी नाही. महिने मला वाटले. लहान होतो ना. चारच दिवसांत गाढव परत फिरलं होतं."

मग ते म्हणाले, "दर ईदला मी त्या घरी सलाम करायला जातो. मालकाने मला परत बोलावलं म्हणून. आयुष्यभर जातोय." त्यांनी टोपी घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली. "दया नव्हती ती. मला माझ्या आईने परत आणलं."

असं म्हणताना ते उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अभिमानच म्हणेन.

हिलाल उठला, काकांपाशी गेला आणि अरबीत काहीतरी बोलला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही.

मी पुसायचं का म्हणून विचारलं. काकांनी हसून नकार दिला. "हे राहू दे. आणि आता माझं भर. माझंही माझ्या तोंडून असू दे."

मग मी त्यांना बूथमध्ये बसवलं, मायक्रोफोन त्यांच्या उंचीला आणला, आवाजाची पातळी तपासायला सकाळी काय खाल्लं ते विचारलं. ते जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत होते. गाढवावरून जाताना दिसलेला समुद्र, परक्या घराची पायरी, परत आल्यावर आईच्या हाताला येणारा विस्तवाचा वास. सुटका झाल्यावर आई त्यांना घेऊन खाडीपलीकडे कशी राहायला गेली, तिथे झावळ्यांची झोपडी कशी बांधली. बाहेर जाहिरातीवाले ताटकळत होते. हिलालने त्यांना चहा पाजला आणि उद्या या म्हणून सांगितलं.

शुक्रवारी मरियम आली तेव्हा काका तिच्याबरोबर होते. तिला हेडफोन त्यांनीच लावून दिले.

कार्यक्रमाला मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन सूरला गेले. जुन्या घराचा चौक भरला होता. मागे बायका, पुढे म्हातारे. मुलगी सारखी माझ्या कानाशी लागून विचारत होती, "आई, ही खरंच स्लेव्ह होती? इथे?" मी हो म्हटलं. झायना पूर्ण ऐकवली, मधलं एक वाक्यही काढलं नाही. चरचर थोडी ठेवली होती. ती अगदी काढली की माणूस प्लास्टिकचं वाटतं. "माझा आणा" हे वाक्य आलं आणि पुढच्या रांगेतले म्हातारे एकदम हलले. मागून एका बाईने मोठ्याने म्हटलं, "शाबास, झायना." मग राशिदकाकांचं रेकॉर्डिंग लागलं. ते स्वतः चौकाच्या मधोमध बसून, मान वर करून ऐकत होते. त्यांची सूनही शेजारी होती, तिचे आईवडीलही होते. सोयरीक काही मोडली नाही. नंतर दोन म्हातारे काकांपाशी आले आणि आमचंही भरता का म्हणून विचारू लागले. काकांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

यंदाच्या ईदला राशिदकाका त्या घरी गेले नाहीत. मरियमने फोनवर सांगितलं. भांडण नाही, काही नाही. फक्त गेले नाहीत.

डेक पुन्हा पहिल्यासारखा करता आला नाही. आता तो तेवढ्या एका कामापुरताच उरलाय. हिलालने दुसरा शोधायला घेतलाय, कारण सूरहून कॅसेटी येऊ लागल्या आहेत.

तुमच्याकडे घरातल्या कुणाच्या आवाजाची जुनी कॅसेट असेल, तर एक काम आजच करा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे दोन छोटे चौकोनी तुकडे असतात. ते स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. मग त्यावर कुणाला काही भरता येत नाही. सगळ्याच मशीनचं पुसणारं हेड खाली बसलेलं नसतं.